गुदद्वाराजवळचे गळू: ओळखायचे कसे, चिरा कधी द्यायचा, जखम कशी सांभाळायची

संडासच्या जागी दुखू लागले की नागपुरात पहिला अंदाज मूळव्याधीचाच बांधला जातो. औषधाच्या दुकानातून मलम येते, तिखट बंद होते, शेजारचे कोणी ताक आणि सुरण सुचवते. त्यात चार-पाच दिवस जातात. दुखणे खरोखर मूळव्याधीचे असेल तर एवढ्याने फारसे बिघडत नाही. पण आत पू साठलेला असेल तर याच दिवसांत तो चरबीच्या थरात पसरतो आणि छोट्या चिऱ्यावर भागले असते तिथे मोठी जखम वाट्याला येते.

साठलेला पू बाहेर काढावा लागतो. गोळ्यांनी तो विरत नाही, आणि तो पिकण्याची वाट पाहायची नसते. रुग्ण, घरचे लोक आणि सगळ्यात आधी पाहणारे फॅमिली डॉक्टर या तिघांनी एवढे धरून चालले तरी बराच त्रास टळतो. खालचा मजकूर या तिघांसाठी आहे. शस्त्रक्रियेचे तपशील डॉक्टरांच्या उपयोगाचे असले तरी रुग्णानेही वाचावेत, म्हणजे काय विचारायचे ते कळते. घरी सुई किंवा ब्लेड लावण्यासाठी मात्र ते नाहीत.

गळू होते कुठून

गुदद्वाराच्या कडेपासून साधारण २ सेंटीमीटर आत, जिथे आतले नाजूक अस्तर आणि बाहेरची त्वचा यांची सीमा आहे, तिथे गोलाकार रांगेत सहा ते दहा बारीक ग्रंथी असतात. त्यांची तोंडे आत उघडतात आणि मुळे दोन स्नायूंच्या मधल्या फटीत असतात. हे दोन स्नायू म्हणजे आपोआप आवळलेला राहणारा आतला आणि आपण मनाने आवळतो तो बाहेरचा. ग्रंथीचे तोंड बुजले, आत जंतू वाढले की त्या फटीत पू धरतो. गुदद्वाराजवळच्या दहापैकी नऊ गळवांचा उगम हा असा असतो.

पुढे पू कोणत्या वाटेने जातो त्यावर सगळे ठरते. खाली उतरला तर गुदद्वाराच्या कडेला, त्वचेखाली गळू दिसते. निम्म्याहून जास्त रुग्णांत हेच होते. बाहेरचा स्नायू भेदून तो बाजूला गेला तर नितंबातल्या चरबीने भरलेल्या पोकळीत शिरतो. ही पोकळी मोठी आहे, तिथे पाव लिटर पू साठला तरी बाहेरून नुसती कडक सूज दिसते. फटीतच अडकून राहिला तर बाहेर काहीच दिसत नाही, दुखते मात्र भयंकर. वर चढला तर ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूवर जाऊन बसतो. मागच्या बाजूने दोन्हीकडे पसरला तर घोड्याच्या नालेसारखे गळू होते आणि एकाच बाजूला चिरा दिला तर दुसरी बाजू तशीच राहते.

हा आजार पुरुषांत स्त्रियांच्या जवळपास दुप्पट आढळतो आणि बहुतेक रुग्ण २० ते ६० वयाचे असतात. धूम्रपानाने धोका वाढतो. सावजी खाल्ल्याने गळू होत नाही, आणि अस्वच्छ राहिल्यामुळे झाले हाही समज चुकीचा आहे. हे स्पष्ट सांगायला हवे, कारण याच समजापायी लोक लाजतात आणि उशीर करतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की शरीरातले पाणी कमी पडते, शौचाला खडा होतो, घामाने मांड्या-नितंबांवर करटे उठतात. ही करटे त्वचेची असतात. ग्रंथीतून आलेले गळू ते वेगळे.

ठणका कोणता ते आधी ओळखा

नुसते विचारूनही निम्मे निदान होते. दुखणे शौचाच्या वेळेपुरते आहे की दिवसरात्र? गळवाचा ठणका चोवीस तास असतो आणि रोज वाढत जातो. बसवत नाही, ऑटोत एका नितंबावर कलून बसावे लागते, खोकले तरी कळ येते, रात्री झोप लागत नाही. दोन-तीन दिवसांत कडेला लाल, गरम, कडक सूज येते. ताप असेलच असे नाही.

फिशरमध्ये, म्हणजे गुदद्वाराच्या कडेला पडलेल्या भेगेत, शौचाच्या वेळी चिरल्यासारखी वेदना होते, नंतर अर्धा-एक तास किंवा त्याहून जास्त जळजळ राहते, मग माणूस बरा होतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. कागदावर किंवा मळावर रक्ताची रेघ दिसते. मूळव्याधीच्या बाहेरच्या कोंबात रक्त गोठले तर अचानक निळसर गोळा येतो. तो पहिले दोन-तीन दिवस खूप दुखतो, मग आपोआप कमी होत जातो, ताप नसतो. आतली मूळव्याध तर सहसा दुखतच नाही, तिच्यातून रक्त जाते. माकडहाडाजवळच्या फटीत, गुदद्वारापासून चार-पाच सेंटीमीटर वर सूज असेल तर ते केसांमुळे होणारे पायलोनायडल गळू असते. केसाच्या मुळाशी पांढरे तोंड घेऊन आलेले, बोटाच्या पेराएवढे दुखणे म्हणजे साधे करट. स्त्रियांमध्ये योनीमार्गाच्या तोंडाशी खालच्या एका बाजूला सूज आली तर ते बार्थोलिन ग्रंथीचे गळू असण्याची शक्यता जास्त, आणि ते स्त्रीरोगतज्ज्ञांनी पाहावे. जांघेत, काखेत, नितंबावर एकाच वेळी अनेक गाठी वारंवार फुटत असतील तर घामग्रंथींच्या भागातला त्वचेचा जुनाट आजार असतो. त्याची चिकित्सा वेगळी आहे.

फसवतात ती खोल गळवे. स्नायूंच्या फटीतल्या गळवात बाहेर सूज नसते, बोट लावू देत नाही इतके दुखते, आणि चिठ्ठीवर ‘फिशर’ लिहून मलम दिले जाते. फिशरसारखे दुखते पण भेग कुठेच दिसत नाही, असे असेल तर फटीतले गळू समजून भूल देऊन तपासायला हवे. त्याहून वरच्या गळवात थंडी वाजून ताप, ओटीपोटात जडपणा, कधी लघवी अडकणे एवढीच लक्षणे असतात. पावसाळ्याच्या शेवटी नागपुरात डेंग्यू-मलेरियाचे रुग्ण वाढतात तेव्हा असा ताप त्यात सहज खपून जातो. ताप आहे, रक्ताचे रिपोर्ट जुळत नाहीत आणि रुग्ण सरळ बसत नाही, असे दिसले तर गुदद्वाराची बोटाने तपासणी त्याच दिवशी करावी.

थांबायचे नाही अशी लक्षणे

पुढचे काहीही दिसले तर सकाळच्या ओपीडीची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा किंवा थेट अपघात विभाग गाठा: सूज तासागणिक पसरणे, त्वचा जांभळी-काळी पडणे, दाबले की खाली चुरचुर जाणवणे, घाण वास, सूज अंडकोषावर किंवा योनीच्या ओठांवर जाणे, लघवी बंद होणे, १०१ अंश फॅरनहाइटच्या वर ताप आणि सोबत धाप, गुंगी किंवा बडबड. दिसते त्यापेक्षा वेदना कितीतरी जास्त असणे हीसुद्धा धोक्याची खूण आहे. हा फोर्निए गँग्रीन असू शकतो. त्यात मेलेला भाग तातडीने कापून काढावा लागतो आणि उशीर झाला तर माणूस दगावतो. मधुमेहींना याचा धोका सर्वांत जास्त. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या लघवीवाटे साखर काढणाऱ्या गोळ्यांबाबत अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये याच आजाराचा इशारा दिला होता. या गोळ्या आता आपल्याकडे स्वस्त आणि सर्रास झाल्या आहेत, म्हणून त्या घेणाऱ्याने खालच्या भागातले दुखणे अंगावर काढू नये.

तपासणी

रुग्णाला डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपवावे आणि उजेड चांगला असावा. आधी दोन्ही नितंब शेजारी-शेजारी पाहावेत. एका बाजूची घडी पुसट झालेली असते, ती तुलनेतच लक्षात येते. मग कडेपासून बाहेर बोटाने हलके दाबत जावे आणि गरम, कडक, सर्वांत दुखरी जागा शोधावी. दाबल्यावर आत द्रव हलल्यासारखे जाणवणे ही उशिराची खूण आहे. चरबीतल्या खोल गळवात ती येतच नाही. ती नाही म्हणून रुग्णाला परत पाठवणे ही फार घडणारी चूक आहे.

जागा बधिर करणारी लिग्नोकेन जेली लावून पाच मिनिटे थांबावे, मग सोसवत असेल तरच बोट आत घालावे. आत तर्जनी आणि बाहेर अंगठा ठेवून मधला भाग चाचपला की फुगवटा कळतो. सोसवत नसेल तर जबरदस्ती करू नये, भुलेखाली तपासावे. तीव्र दुखण्यात प्रॉक्टोस्कोप, म्हणजे आत पाहण्याची नळी, घालायचा नसतो. स्त्री रुग्णासोबत स्त्री परिचारिका असायलाच हवी. ती मागण्याचा रुग्णाला हक्क आहे आणि संकोच न करता मागावी.

त्वचेखालच्या साध्या गळवाला स्कॅन लागत नाही. रक्तात हिमोग्राम, साखर, क्रिएटिनिन, आणि शस्त्रक्रियेआधीच्या नेहमीच्या एचआयव्ही व कावीळ-बी च्या चाचण्या पुरतात. पांढऱ्या पेशी वाढलेल्या नाहीत म्हणून गळू नाही, असे ठरवता येत नाही. मधुमेह माहीत नसलेल्या रुग्णाचीही साखर पाहावीच, कित्येकांचा मधुमेह गळवाच्या निमित्तानेच पहिल्यांदा सापडतो. विदर्भात आणखी एक तपासणी जोडावी: सिकलसेलची. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाच्या रुग्णांत सिकलसेल पुष्कळ आहे. जंतुसंसर्ग, पाणी कमी पडणे आणि थंडी या तिन्हींनी वेदनेचा झटका येऊ शकतो. आधी माहीत असेल तर सलाइन, ऑक्सिजन आणि उबदार ठेवणे याची तयारी भूलतज्ज्ञ करून ठेवतात.

खोल गळू, घोड्याच्या नालेसारखे गळू, एकदा चिरा देऊनही परत आलेले दुखणे किंवा क्रोन्ससारखा आतड्याचा आजार असेल तर एमआरआय सर्वांत उपयोगी. रात्री तातडीची वेळ असेल तर सीटी स्कॅन चालतो. पण पू आहे हे बोटाला कळत असताना एमआरआयची तारीख मिळेपर्यंत थांबणे चुकीचे. शंका राहिलीच तर जाड सुईने ओढून पाहता येते. पू आला की निदान पक्के होते, तरी सुईने पू ओढणे म्हणजे उपचार झाला असे नव्हे.

अँटिबायोटिकचा मोह

फॅमिली डॉक्टरांसाठी हा भाग महत्त्वाचा. पाच दिवस अँटिबायोटिक आणि दुखण्याची गोळी दिली की ठणका बसतो, सूज थोडी उतरते, रुग्ण खूश होतो. पूच्या पिशवीत रक्तपुरवठा नसल्याने औषध आत पोहोचत नाही. गोळ्या संपल्या की आठ-दहा दिवसांत दुखणे परत येते, बहुतेक वेळा जास्त खोल. म्हणून सूज कडक आणि दुखरी असेल तर गोळ्यांची चिठ्ठी देण्याऐवजी त्याच दिवशी सर्जनकडे पाठवावे.

चिरा दिल्यावर साध्या, निरोगी रुग्णाला अँटिबायोटिक लागतेच असे नाही. आजूबाजूची त्वचा लांबवर लाल झालेली, अंगभर ताप, मधुमेह, एचआयव्ही, केमोथेरपी किंवा स्टेरॉइड चालू, हृदयात कृत्रिम झडप, अशा वेळी ते नक्की द्यावे. गोळ्यांनी पुढचा भगंदर, म्हणजे गुदद्वाराच्या आतून बाहेरच्या त्वचेपर्यंत राहून जाणारी पूची वाट, टळतो का, यावर पुरावा एकसारखा नाही. तुर्कस्तानातल्या २०११ च्या चाचणीत फायदा दिसला नाही, तर इराणमधल्या २०१७ च्या चाचणीत सिप्रोफ्लॉक्सासिन व मेट्रोनिडाझोल सात दिवस दिल्यावर भगंदर निम्म्यावर आले. मेट्रोनिडाझोल चालू असताना आणि नंतरचे दोन-तीन दिवस दारू पूर्ण बंद.

पोटीस, गरम विटेचा शेक, चुना-गूळ, तोंड फुटण्यासाठी काळे मलम, यांतले काहीही करू नका. भाजलेल्या त्वचेवर चिरा देणे अवघड होते. ‘बिना ऑपरेशन, एका इंजेक्शनमध्ये बरे’ अशा पाट्यांखाली जे टोचले जाते त्यात काय आहे हे रुग्णाला सांगितलेही जात नाही, आणि त्याने त्या जागेचे मांस सडू शकते.

चिरा

कडेजवळचे, त्वचेखालचे, दोन-तीन सेंटीमीटरचे गळू जागेवर भूल देऊन फोडता येते. ॲड्रेनलिन मिसळलेल्या लिग्नोकेनची कमाल मात्रा वजनाच्या दर किलोमागे ७ मिलिग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला २ टक्क्यांचे साधारण २० मिलिलीटर. पूमुळे तिथले ऊतक आम्लधर्मी झालेले असते, त्यामुळे ही भूल नीट चढत नाही. ती गळवाच्या आत न देता वरच्या त्वचेत आणि भोवतीने द्यावी, आणि तरी दुखत असेल तर हट्ट सोडून कमरेतली भूल द्यावी. बाकी सगळ्या गळवांना कमरेतली किंवा पूर्ण भूलच योग्य, कारण दुखणारा रुग्ण आवळून धरतो आणि आतले कप्पे उघडायचे राहून जातात.

भुलेआधी सहा तास जेवण नाही, साधे पाणी दोन तास आधीपर्यंत चालते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधीच सांगा. वर सांगितलेल्या, लघवीवाटे साखर काढणाऱ्या गोळ्या एरवी शस्त्रक्रियेच्या तीन दिवस आधी थांबवतात. तातडीत तेवढा वेळ नसतो, म्हणून भूलतज्ज्ञांना सांगून रक्तातले कीटोन तपासून घ्यावेत.

चिरा गुदद्वाराच्या कडेच्या शक्य तितक्या जवळ द्यायचा. पुढे भगंदर झालाच तर त्याची वाट आखूड राहते आणि दुसरी शस्त्रक्रिया सोपी होते. सूज जिथे सर्वांत फुगीर दिसते तिथे, कडेपासून पाच-सहा सेंटीमीटरवर चिरा दिला तर रुग्णाला लांब भगंदर मिळतो. नुसती सरळ रेघ मारून भागत नाही, तिच्या कडा दोन दिवसांत चिकटतात आणि पू पुन्हा कोंडतो. म्हणून लंबगोल तुकडा काढावा किंवा अधिक चिन्हासारखा छेद देऊन चारही कोपरे कापावेत. पू निघाल्यावर बोट घालून आतले पडदे हलकेच मोडावेत, सलाइनने धुवावे. खरवडू नये, तिथून नसा आणि रक्तवाहिन्या जातात.

पू तपासणीला पाठवण्याचा खर्च दरवेळी गरजेचा नाही, पण परत आलेल्या गळवात, मधुमेहात आणि प्रतिकारशक्ती कमी असताना पाठवावा. आतड्यातले जंतू निघाले तर भगंदराची शक्यता जास्त असते, नुसते त्वचेवरचे निघाले तर कमी. वारंवार येणारे गळू, बारीक ताप, वजन घटणे किंवा घरात क्षयाचा रुग्ण असेल तर पूबरोबर भिंतीचा छोटा तुकडाही काढून पॅथॉलॉजी आणि सीबीनॅट (क्षयाचे जंतू ओळखणारी चाचणी) दोन्हींना द्यावा. फॉर्मलिनमध्ये घातलेला तुकडा क्षयाचे जंतू वाढवण्याच्या चाचणीला निकामी होतो. तो भाग सलाइनमध्ये वेगळा ठेवायचा, आणि हे शस्त्रक्रियागृहात आधी सांगून ठेवले नाही तर हमखास विसरले जाते.

चरबीतल्या मोठ्या पोकळीत मोठी जखम न करता छोट्या चिऱ्यातून १० ते १४ फ्रेंच जाडीची, टोकाला छत्रीसारखी फुगीर नळी टाकून ठेवता येते. पू थांबेपर्यंत, साधारण तीन ते दहा दिवस, ती राहते. घोड्याच्या नालेसारख्या गळवात गुदद्वार आणि माकडहाड यांच्या मधली खोल जागा उघडावी लागते आणि दोन्ही नितंबांवर एकेक छोटा चिरा जास्तीचा द्यावा लागतो. फटीतले गळू बाहेरून फोडायचे नसते, ते आतून, आतल्या स्नायूचा थोडा भाग उघडून रिकामे करतात. सर्वांत वरच्या गळवात पू कुठून चढला हे आधी समजायला हवे. फटीतून चढला असेल तर मलाशयातून काढायचा, बाजूच्या चरबीतून चढला असेल तर बाहेरून. वाट उलटी निवडली तर असा भगंदर तयार होतो की तो बरा करायला वर्ष-वर्ष लागते. इथे एमआरआय आणि अनुभवी हात दोन्ही हवेत, तालुक्याच्या ठिकाणी धाडस करू नये.

त्याच वेळी भगंदरही उघडून टाकावा का? आतले तोंड सहज दिसत असेल आणि वाट अगदी वरवरची असेल तर अनुभवी सर्जन ते करू शकतात. २०१० च्या कोक्रेन आढाव्यातल्या (अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणारा आढावा) सहा चाचण्यांत त्याने गळू परत येण्याचे प्रमाण कमी झालेले दिसले. पण सुजलेल्या ऊतकात सळई जोर लावून घातली की नसलेली वाट तयार होते, आणि स्नायू जास्त कापला गेला तर वायू व मळावरचा ताबा जातो. तोंड सापडले पण वाट खोल असेल तर सैल दोरा, म्हणजे सीटॉन, घालून थांबावे. तोंड सापडत नसेल तर शोधू नये. क्षारसूत्राचे, म्हणजे आयुर्वेदातल्या क्षार लावलेल्या औषधी दोऱ्याचे, स्थान भगंदरात आहे, तेही प्रशिक्षित शल्यचिकित्सकाकडे. तापलेल्या, पूने भरलेल्या गळवात नाही.

घरी गेल्यावर

जखम उघडीच ठेवलेली असते, टाके नसतात. ती तळापासून भरत येते, वरून आधी बंद झाली तर आत पुन्हा पू धरतो. बरे व्हायला तीन ते आठ आठवडे लागतात. पूर्वी रोज पट्टी खच्चून आत भरत, ते फार दुखते. ब्रिटनमध्ये ४०० हून अधिक रुग्णांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आत पट्टी न भरलेल्यांना वेदना कमी झाल्या आणि भगंदर किंवा गळू परत येण्याचे प्रमाण वाढले नाही. पहिल्या दिवशी रक्त थांबवण्यापुरती पट्टी ठेवून नंतर वर फक्त गॉज किंवा सॅनिटरी पॅड लावणे पुरेसे आहे. पुरुषांनाही पॅडच सोयीचे पडते.

दुसऱ्या दिवसापासून पसरट टबात कोमट पाणी घेऊन १० ते १५ मिनिटे बसायचे, दिवसातून तीनदा आणि प्रत्येक शौचानंतर. पाणी मनगटाला सुखद वाटेल इतकेच गरम हवे. त्यात डेटॉल, सॅव्हलॉन, तुरटी, पोटॅशियम परमँगनेट काही घालू नका, नव्याने भरणारे मांस त्याने जळते. शॉवर किंवा हँड जेटचे हलके पाणीही चालते. नंतर टिपून कोरडे करा, पुसू नका. उन्हाळ्यात पॅड घामाने लवकर भिजते, तेव्हा ते दर तीन-चार तासांनी बदला, सुती सैल कपडे घाला आणि कूलरसमोर थोडा वेळ उघडे पडून राहिले तरी चांगलेच.

दुखण्यासाठी पॅरासिटामॉल ६५० मिलिग्रॅम दर सहा तासांनी, पहिले तीन-चार दिवस वेळ पाहून घ्यावे. ठणका सुरू होण्याची वाट पाहिली तर मग ते पुरत नाही. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक मूत्रपिंडाचा किंवा अल्सरचा आजार असणाऱ्यांनी विचारल्याशिवाय घेऊ नयेत. कोडीन किंवा ट्रॅमाडॉलने बद्धकोष्ठता होते.

शौच मऊ राहणे हे अर्धे औषध आहे. इसबगोल दोन चमचे रात्री मोठ्या पेल्याभर पाण्यात ढवळून लगेच प्यायचे आणि वर आणखी पेलाभर पाणी. कमी पाण्यात घेतले तर तेच खडा करते. तीन दिवसांत शौच झाले नाही तर लॅक्ट्युलोज १५ मिलिलीटर रात्री. दिवसाला अडीच-तीन लिटर पाणी, उन्हाळ्यात त्याहून जास्त. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णांनी मात्र पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे. ज्वारीची भाकरी, भाज्या, फळे, ताक. संत्रे सालीखालच्या पांढऱ्या धाग्यांसकट खा. जुलाबही जखमेला वाईटच, म्हणून रेचकांचा मारा नको.

पहिले तीन-चार दिवस थोडे रक्त आणि पाणचट पू येणे अपेक्षित आहे. अर्ध्या तासात पॅड भिजेल इतके ताजे रक्त, तिसऱ्या दिवसानंतर वाढणारा ठणका किंवा पुन्हा चढलेला ताप अपेक्षित नाही. त्याचा अर्थ बहुतेक एकच: एखादा कप्पा राहून गेला किंवा चिरा लहान पडला. त्याच डॉक्टरांकडे लगेच जा, लाजू नका आणि रागावून डॉक्टर बदलत बसू नका, कारण आत काय होते ते त्यांनी पाहिलेले असते. वाटेत अडकलेले कप्पे आणि दुसऱ्या बाजूला राहिलेला पू हीच पहिल्या दहा दिवसांत दुखणे परत येण्याची मुख्य कारणे आहेत. कार्यालयातले काम बहुतेकांना आठवड्याभरात जमते. बुटीबोरी-हिंगण्याच्या कारखान्यातली उभ्याने, ओझ्याची कामे दोन-तीन आठवडे टाळावीत, दुचाकी जखम टोचेनाशी होईपर्यंत नको. बसण्यासाठी भोक असलेली उशी वापरू नका, तिने तिथे ताण येतो. साधी मऊ उशी पुरे.

काहींची वेगळी काळजी

मधुमेहीची साखर जखम भरेपर्यंत रोज मोजावी, गरज पडली तर काही आठवडे इन्सुलिन घ्यावे. ल्युकेमियात किंवा केमोथेरपीत पांढऱ्या पेशी फार कमी असतील तर पू तयारच होत नाही, नुसते कडक लाल दुखणे असते. तिथे आधी शिरेतून अँटिबायोटिक, आणि चिऱ्याचा निर्णय रक्तरोगतज्ज्ञासह. एक वर्षाच्या आतल्या मुलग्यांत असे गळू होते तेव्हा घाबरू नये. ताप नसेल तर पुष्कळदा कोमट पाण्याने धुणे आणि छोटा चिरा एवढ्यावर भागते, आणि भगंदर झाला तरी बऱ्याचदा वाढीबरोबर आपोआप बंद होतो. गरोदरपणातही पू काढणे टाळायचे नसते. पन्नाशीपुढच्या माणसाला पहिल्यांदाच गळू झाले, वजन घटते आहे किंवा शौचातून रक्त जाते आहे, तर जखम भरल्यावर कोलोनोस्कोपी करून घ्यावी, मागे कर्करोग किंवा आतड्याचा दाह असू शकतो.

भगंदर झाला तर

उत्तम रीतीने पू काढला तरी तीनपैकी एकाला, काही ठिकाणच्या नोंदींत निम्म्यांना, पुढे भगंदर होतो. हा सर्जनचा दोष नसतो. मूळ ग्रंथीचे आतले तोंड उघडे राहिलेले असते आणि चिऱ्याची वाट त्याला जोडली जाते. सहा ते आठ आठवड्यांनंतरही जखमेच्या जागी बारीक भोक राहिले, त्यातून पाणी-पू येत राहिला, चड्डीला डाग पडत राहिला, किंवा भोक बुजून दर काही महिन्यांनी सूज येऊन फुटत राहिली तर एमआरआय काढून नियोजनपूर्वक शस्त्रक्रिया करावी. घाई नसते. पण दरवेळी अँटिबायोटिकवर दिवस ढकलले तर वाटांना फाटे फुटतात.

नागपुरात तातडीच्या दुखण्यासाठी मेडिकल आणि मेयो या दोन्ही सरकारी रुग्णालयांचे अपघात विभाग रात्रंदिवस चालू असतात. गुंतागुंतीच्या भगंदरासाठी मेडिकल, मेयो किंवा मिहानमधल्या एम्सची सर्जरी ओपीडी गाठता येते. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत तुमचा उपचार बसतो का, ते भरती होताना आरोग्यमित्राला (रुग्णालयात बसणारा योजनेचा मदतनीस) विचारा. रेशनकार्ड आणि आधार सोबत असू द्या. बालाघाट, छिंदवाडा किंवा गडचिरोलीहून येणाऱ्यांनी ड्रेसिंगसाठी रोज नागपूर गाठण्याची गरज नाही, गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ते होते. मात्र सुट्टीच्या कार्डावर तीन गोष्टी लिहून घ्या: गळू कोणत्या प्रकारचे होते, चिरा घड्याळाच्या कितव्या आकड्यावर, कडेपासून किती सेंटीमीटरवर दिला (पाठीवर झोपलेल्या रुग्णात १२ म्हणजे समोर, ६ म्हणजे मागे), आणि आतले तोंड सापडले का, दोरा घातला का. पुढे भगंदराची शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनला या नोंदीवरून वाट कुठे शोधायची ते कळते. पहिली भेट आठवड्याने, दुसरी तीन आठवड्यांनी आणि तिसरी सहा ते आठ आठवड्यांनी ठेवा. जखम भरल्यासारखी वाटली तरी ही तिसरी भेट चुकवू नका, भगंदर तेव्हाच सापडतो.